अळवावरचं पाणी डोळ्यात कसं टिकतं

चिपड आणि चिपाड यांच्यात एका कान्याचा फरक आहे. चिपड डोळ्यातलं, चिपाड उसाचं. आमच्या निपाणी-चिकोडीकडं बोलण्याच्या ओघात हा काना कधी पडतो, कधी गळतो, आणि दोन्हींचा अर्थ शेवटी एकच घेतला जातो: टाकून द्यायची घाण. पण गुऱ्हाळावरच्या माणसाला विचारा. वाळलेलं चिपाडच त्याच्या चुलवाणात जातं आणि त्याच जाळावर काहिलीतला रस उकळतो. डोळ्यातल्या चिपडाची गोष्टही जवळपास अशीच आहे. मी पंचवीस वर्षं हायस्कूलला जीवशास्त्र शिकवलं, तरी ती मला कळली निवृत्तीनंतर, आत्याला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले तेव्हा.

आत्या निपाणीची. तरुणपणी तंबाखूच्या वखारीत आणि नंतर घरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात तिचं आयुष्य गेलं. आता पंचाहत्तरी ओलांडलीय. दोन वर्षं तिची एकच तक्रार: "डोळ्यातनं नुसतं पाणी गळालंय बघ, आन आत वाळू टाकल्यागत टोचालंय." सकाळी पापण्या चिकटलेल्या, दिवसभर पदराचं टोक डोळ्याला. शेवटी बेळगावात एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "आज्जी, डोळे कोरडे पडलेत तुमचे."

आत्या तिथं काही बोलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "पदर भिजून चिंब हाय माझा, आन ह्यो कोरडं म्हणतोय. आधी ह्येचे डोळं तपासाय पायजेत."

तिची चूक म्हणवत नाही. आपण मराठीत "डोळ्यात पाणी आलं" म्हणतो. कन्नडमध्ये आसवांना कण्णीरु म्हणतात. कण्णु म्हणजे डोळा, नीरु म्हणजे पाणी. या दोन भाषांचं आमच्या भागात किती गोष्टींवर एकमत होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथं मात्र झालं, आणि नेमकं चुकीच्या गोष्टीवर. आसू म्हणजे पाणी असं एकदा ठरलं की पाणी वाहणारा डोळा कोरडा असूच शकत नाही.

डॉक्टरांनी आत्याच्या दोन तपासण्या केल्या होत्या. पहिली कागदाच्या पट्टीची. ऑटो शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरनं १९०३ मध्ये सुचवलेली ही पट्टी खालच्या पापणीत अडकवतात आणि पाच मिनिटांत ती किती भिजली ते बघतात. पाच मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर पाणीच कमी आहे असं समजतात. आत्याची पट्टी पंधरापर्यंत भिजली. म्हणजे पाण्याची टंचाई नाही. दुसऱ्या तपासणीत डोळ्यात पिवळा रंग लावून निळ्या प्रकाशात बघतात. पापणी न मिटता डोळा उघडा ठेवायला सांगतात आणि आसवांचा थर कितव्या सेकंदाला फाटतो ते मोजतात. तो दहा सेकंदांच्या आत फाटला तर शंका घेतात. आत्याचा थर चार सेकंदांत फाटला. पिवळ्या तकतकीत पृष्ठभागावर एकदम काळे डाग उमटले.

"पाणी आहे, पण थांबत नाही," डॉक्टर मला म्हणाले. मला परसातलं अळू आठवलं.

अळवाच्या पानावर पाणी टाका, ते पसरत नाही. मोत्यासारखं गोळा होतं आणि घरंगळून जातं, कारण पानावर मेणाचा थर असतो. आता आपल्या डोळ्याचा विचार करा. बुबुळाच्या पुढं काचेसारखा जो पारदर्शक भाग आहे त्याला पारपटल म्हणतात. तो पेशींचा बनलेला आहे, आणि शरीरातल्या कुठल्याही पेशीचा बाहेरचा पापुद्रा मूळचा स्निग्ध, चरबीचा असतो. त्यावर नुसतं पाणी सोडलं तर त्याचंही अळूच व्हायचं. तसं होत नाही, कारण मध्ये एक वस्तू आहे. चिकट, बुळबुळीत, जिचं नाव घेताना आपण नाक मुरडतो. श्लेष्म. नाकातून आला की शेंबूड, घशातून आला की बेडका, डोळ्याच्या कोपऱ्यात साचला की चिपड.

हा श्लेष्म ज्या पेशी बनवतात त्यांना इंग्रजीवरून गॉब्लेट पेशी म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकात 'चषक पेशी' असं भाषांतर आहे. आमच्या वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला की पोरांना गावच्या क्रिकेट स्पर्धेचा चषक आठवायचा, पण आकार मात्र बरोबर डोक्यात बसायचा. वरचा भाग फुगलेला आणि श्लेष्माच्या दाण्यांनी ठासून भरलेला, खालचा भाग निमुळता, आणि केंद्रक बिचारं तळाशी चेपलेलं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतल्या बाजूला जी पातळ पारदर्शक कातडी असते तिच्यात या पेशी विखुरलेल्या असतात. खालच्या पापणीत, नाकाकडच्या बाजूला त्यांची दाटी जास्त. पारपटलावर मात्र एकही नाही, तिथं सगळा माल शेजारून येतो. त्या कातडीचं मराठी नाव नेत्रश्लेष्मला. मी ते वर्षानुवर्षं उच्चारलं, पण नावातच श्लेष्म आहे याकडं माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

मुलांना मी आसवांचे तीन थर शिकवायचे: तळाला श्लेष्म, मध्ये पाणी, वर तेल. फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी तीन पट्टे. पाणी भुवईखालच्या, कानाकडच्या कोपऱ्यातल्या अश्रुग्रंथीतून येतं. तेल पापण्यांच्या कडांमध्ये ओळीनं बसलेल्या ग्रंथींतून येतं आणि पाण्याची वाफ होण्याचा वेग कमी करतं. इतकं बरोबर होतं. पण ते तीन सुटे पट्टे आता बरेच सैल झालेत. श्लेष्म तळाशी वेगळा बसत नाही, तो पाण्यात विरघळून मिसळलेला असतो, तळाकडं दाट आणि वर विरळ. म्हणजे आसू हे पातळसर पेजेसारखं काहीतरी आहे, निव्वळ पाणी नव्हे. आणि ही सगळी पेज जाडीला किती? साधारण तीन मायक्रॉन. डोक्याचा केस याच्या वीसेक पट जाड असतो.

श्लेष्माचा मुख्य घटक म्युसिन. मध्ये प्रथिनाचा लांब दोरा आणि त्याला दोन्ही अंगांनी साखरेच्या साखळ्यांची झालर. या साखळ्या पाणी धरून ठेवतात. म्युसिनचे दोन प्रकार इथं कामाला असतात. एक प्रकार पारपटलाच्या पेशींनाच रुजलेला असतो, मखमलीच्या लवेसारखा. दुसरा गॉब्लेट पेशींनी सोडलेला, मोकळा, जाळं विणणारा. या दुसऱ्याचं शास्त्रीय नाव म्यूक-फाइव्ह-एसी. हेच म्युसिन आपल्या जठरात आणि श्वासनलिकेतही असतं. अमेरिकेत बोस्टनच्या शेपेन्स संस्थेत इलीन गिप्सन यांनी या म्युसिनांचा आणि डार्लिन डार्ट यांनी गॉब्लेट पेशींना हुकूम कसा मिळतो याचा अभ्यास आयुष्यभर केला.

हुकूम मज्जातंतूंकडून येतो. पारपटलावर धुळीचा कण बसला, धूर लागला, कांदा चिरला की तिथली नस मेंदूला कळवते, मेंदू उलट निरोप पाठवतो आणि गॉब्लेट पेशी आपले दाणे बाहेर फेकतात. पेशीत असताना हे दाणे आवळून बांधलेले असतात. बाहेर पाण्यात पडताच ते काही क्षणांत शेकडो पट फुगतात. सरबतात सब्जा टाकल्यावर काय होतं ते आठवा, फक्त इथं सगळं डोळ्याला न दिसणाऱ्या मापाचं.

आता आत्याचं कोडं सुटतं. श्लेष्म कमी पडला की पाणी पसरून बसत नाही, थर चार सेकंदांत फाटतो. फाटलेल्या जागी पारपटल उघडं पडतं, आणि पारपटल म्हणजे शरीरातल्या सर्वांत नाजूक जागांपैकी एक, नसांनी गच्च भरलेली. ती ओरडते. मेंदू अश्रुग्रंथीला म्हणतो, पाणी सोड. ग्रंथी लोटच्या लोट सोडते, पण धरून ठेवणारं कुणी नाही. पाणी गालावर, गालावरून पदरावर. पुन्हा थर फाटतो, पुन्हा लोट. पालथ्या घागरीवर पाणी म्हणतात ते हेच.

इथपर्यंत श्लेष्माचं काम डोळा ओला ठेवण्याचं झालं. मला जास्त भुरळ पडली ती त्याच्या दुसऱ्या कामाची.

डोळा ही शरीराची उघडी सीमा आहे. कातडीवर जाड राप असतो, तोंडाला ओठ असतात. डोळा मात्र जागेपणी सताड उघडा असतो. उसाचं पाचट पेटवलेल्या दिवसात आमच्याकडं संध्याकाळी काळी भुशी उडत येते आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. ती डोळ्यांवर बसत नाही असं थोडंच आहे? तिच्याबरोबर परागकण, जंतू, वखारीतला जर्दा, मागाच्या कापडाचं तूस. मोकळ्या म्युसिनचं जाळं हे सगळं पकडतं. प्रत्येक उघडझापीला पापणी ते जाळं गुंडाळत नाकाकडच्या कोपऱ्यात नेते. तिथं साचलेली गुंडाळी म्हणजे चिपड. त्यात श्लेष्म आहे, तेल आहे, मेलेल्या पेशी आहेत आणि दिवसभरातला कचरा आहे. थोडंसं चिपड म्हणजे डोळ्यात झाडलोट झाल्याची खूण.

या जाळ्यात मारेकरीही दबा धरून असतात. अलेक्झांडर फ्लेमिंग यांचं नाव पेनिसिलिनमुळं सगळ्यांना माहीत, पण त्याआधी १९२२ मध्ये त्यांनी लायसोझाइम हा पदार्थ जाहीर केला होता, जो जंतूंची भिंत फोडतो. तो त्यांना सापडला सर्दीच्या शेंबडात, आणि मग आसवांत तर भरपूर. आसवांत जंतूंचं लोह हिसकावून घेणारं लॅक्टोफेरिनही असतं, आणि जंतूंना चिकटून त्यांना पेशीवर बसू न देणारी प्रतिपिंडंही. पाण्यात ही मंडळी वाहून गेली असती. श्लेष्म त्यांना जागेवर धरून ठेवतो.

आणि तरीही, सीमा राखणं म्हणजे येणाऱ्या प्रत्येकावर काठी उगारणं नव्हे. आम्हा सीमाभागातल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. कागल सोडलं की कोगनोळीचा नाका लागतो. कोरोनाच्या दिवसांत तिथं आरटीपीसीआरचा रिपोर्ट बघितल्याशिवाय पुढं सोडत नव्हते. बरोबरच होतं. पण तो बंदोबस्त कायमचा ठेवला असता तर? रोज भाजीचा टेम्पो अडला असता, कागलच्या कारखान्यात कामाला जाणारं पोरगं अडलं असतं, माहेरी निघालेली बाई अडली असती, आणि दोन्हीकडचा व्यवहार ठप्प झाला असता. चांगल्या नाक्याला अडवता यायला हवं, आणि कुणाला सोडायचं हेही कळायला हवं.

डोळ्यावर रोज येणाऱ्या शेकडो पदार्थांपैकी बहुतेक सगळे भाजीचे टेम्पो असतात. धूळ, पराग, साबणाचा वास, डोळ्यावर कायम राहणारे निरुपद्रवी जंतू. त्यांच्यावर रोगप्रतिकारयंत्रणा तुटून पडली तर मार पडेल तो डोळ्यालाच, कारण पारपटल पारदर्शक राहायचं तर तिथं सूज, रक्तवाहिन्या, व्रण काहीच परवडत नाही. मग यंत्रणेला शांत ठेवतं कोण? गेल्या काही वर्षांतल्या संशोधनानं यात गॉब्लेट पेशींचं नाव पुढं आणलंय.

आधी आतड्याचं लक्षात आलं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या संशोधकांनी दाखवलं की आतड्यातल्या गॉब्लेट पेशी नुसता श्लेष्म सोडत नाहीत. वरच्या पोकळीतले बारीक पदार्थ त्या आपल्यातून खाली पोचवतात आणि तिथं बसलेल्या पहारेकरी पेशींच्या हातात देतात. पुढं डोळ्यातही असंच दिसलं. गॉब्लेट पेशी पृष्ठभागावरचा नमुना खाली देतात, आणि तो देताना सोबत टीजीएफ-बीटा नावाचा शामक रेणूही सोडतात. जणू ओळखपत्रावर शिक्का: ओळखीचा आहे, सोडा. पहारेकरी पेशी तो नमुना घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत जातात आणि तिथल्या सैनिक पेशींना शिकवतात की याच्यावर धावून जायचं नाही.

हे खरं कशावरून? उंदरांवरून. एक विशिष्ट जनुक काढून टाकलं तर उंदराच्या डोळ्यात गॉब्लेट पेशी तयारच होत नाहीत. गिप्सन यांच्या गटानं २०१३ मध्ये असे उंदीर तपासले, तेव्हा त्यांचे डोळे कोरडे पडलेले आणि सुजेच्या खुणांनी भरलेले दिसले. ह्युस्टनमधल्या स्टीफन फ्लुगफेल्डर यांच्या गटानं आणखी एक गंमत केली. उंदरांच्या डोळ्यांवर कोंबडीच्या अंड्यातलं प्रथिन घातलं. धडधाकट उंदरांची यंत्रणा त्याला सरावली. गॉब्लेट पेशी नसलेल्या उंदरांना हे जमलं नाही, त्यांनी साध्या अंड्यालाही शत्रू ठरवलं.

हे वाचल्यावर माझ्या डोक्यात कोरड्या डोळ्याचं चित्र पार बदललं. मी समजत होते की कोरडेपणा हा दुष्काळ आहे. तो दुष्काळ आणि दंगल एकत्र आहे. पाण्याची वाफ झाली की उरलेलं आसू खारट होतं. खारट आसू पेशींना झोंबतं, पेशी धोक्याचा निरोप देतात, सैनिक पेशी येतात आणि इंटरफेरॉन-गॅमा नावाचा रेणू सोडतात. एरवी हा कामाचा रेणू, विषाणूंशी लढताना लागतो. पण गॉब्लेट पेशींचा तो काळ आहे, त्याच्यापुढं त्या सुकतात आणि कमी होतात. पेशी कमी झाल्या की श्लेष्म कमी, थर आणखी लवकर फाटतो. शिक्का मारणारंही कुणी उरत नाही, म्हणून सैनिक आणखी चवताळतात. यात सुरुवात कुठली आणि शेवट कुठला ते सांगता येत नाही. २०१७ मध्ये जगभरच्या नेत्रतज्ज्ञांनी मिळून कोरड्या डोळ्याची व्याख्या मांडली, तिच्यात म्हणूनच आसवांचा थर अस्थिर आणि खारट होण्याबरोबर सूजही कारणांत धरली आहे.

ॲलर्जीत उलटं घडतं. तिथं इंटरल्युकिन-१३ नावाचा दुसरा निरोप्या जोरात असतो, तो गॉब्लेट पेशींना पोसतो. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये डोळे चोळून लाल करणाऱ्या पोरांच्या डोळ्यातून दोऱ्यासारखा चिकट श्लेष्म ओढून काढता येतो. खाज ॲलर्जीची, टोचणी कोरडेपणाची, हा ढोबळ फरक लक्षात ठेवायला बरा. दोन्ही एकत्रही असतात.

आत्याच्या पेशी कशानं गेल्या? मी मनातल्या मनात वखारीला दोषी ठरवून मोकळी झाले होते. डॉक्टरांनी वेगळीच यादी सांगितली: वय, मधुमेह, आणि काचबिंदूचे थेंब. हे थेंब ती आठ वर्षं रोज घालतेय. बाटली उघडल्यावर जंतू होऊ नयेत म्हणून अनेक थेंबांत बेंझाल्कोनियम क्लोराइड घालतात. परिरक्षक म्हणून घातलेलं हे रसायन जंतूंना मारतं, आणि वर्षानुवर्षं रोज पडत राहिलं तर गॉब्लेट पेशींनाही सोडत नाही. म्हणून काचबिंदूचे थेंब बंद करायचे? मुळीच नाही, दृष्टी जाईल. परिरक्षक नसलेले थेंब मिळतात का, एवढं डॉक्टरांना विचारायचं. आत्याचे तसे बदलून मिळाले, किंमत मात्र जास्त.

शिवाय मधल्या काळात एका मेडिकल दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले "लाली घालवणारे" थेंब ती घालत होती. मी बाटलीवरचं नाव वाचलं, स्टेरॉइड. काचबिंदूच्या पेशंटला! स्टेरॉइडनं डोळ्यातला दाब वाढू शकतो. दुकानदाराला मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

या पेशी घालवणाऱ्या आणखी गोष्टींपैकी एक आमच्या भागात प्रत्येक खिशात असते. चुना. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी पोराच्या हाती लागते, ते ती दाबतं, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात. चुना तीव्र अल्कली आहे. आम्ल एका जागी जाळून थांबतं, अल्कली आत आत शिरत जाते आणि गॉब्लेट पेशींसकट पारपटलाची दुरुस्ती करणाऱ्या मूळपेशीही नेते. अशा वेळी तूप नको, दूध नको, रिक्षा शोधत बसणंही नको. जिथं आहात तिथं नळाखाली, तांब्यानं, मिळेल त्या स्वच्छ पाण्यानं डोळा उघडा धरून किमान पंधरा-वीस मिनिटं धुवायचा, पापणीखालचे चुन्याचे कण निघेपर्यंत, आणि मग दवाखाना. पहिल्या पाच मिनिटांतलं पाणी नंतरच्या कुठल्याही औषधापेक्षा जास्त वाचवतं.

अ जीवनसत्त्व मिळालं नाही तर गॉब्लेट पेशी नाहीशा होतात आणि नेत्रश्लेष्मला कातड्यासारखी होते. रातांधळेपणाबरोबर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसाळ ठिपके दिसतात, ते फ्रेंच डॉक्टर पिएर बिटो यांनी १८६३ मध्ये नोंदवले. शेवग्याचा पाला, पपई, गाजर, अंडं, दूध पोटात जात असेल तर याची भीती नाही. आणि पुरेसं मिळत असताना वरून गोळ्या खाऊन कोरडा डोळा बरा होत नाही, उलट हे जीवनसत्त्व जास्त झालं तर बाधतं. खुपऱ्या (ट्रॅकोमा) या जंतूंच्या आजारानंही एके काळी पापण्यांच्या आत व्रण पाडून या पेशी घालवल्या. त्या आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिल्या नाहीत असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये भारताबाबत जाहीर केलं. शोग्रेन नावाचा आजार मुख्यतः बायकांना होतो. त्यात शरीराचं सैन्य आपल्याच अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींवर उलटतं. डोळ्याबरोबर तोंडही कोरडं पडत असेल, भाकरी पाण्याशिवाय गिळवत नसेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

हवेचाही वाटा आहे. एकाच बेळगाव जिल्ह्यात कणकुंबीला भिंतींना बुरशी येते आणि अथणीला ओठ फुटतात. कोरड्या, वाऱ्याच्या हवेत आसवांची वाफ लवकर होते. त्यात मोबाइल. माणूस एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो, पडद्याकडं बघताना हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येतं, आणि जी मिटते ती अर्धवट. पापणी म्हणजे सारवणारा हात. तो थांबला की जमीन उलते.

आता आत्याची सवय. चिपडाचा दोरा दिसला की पदराच्या टोकानं तो ओढून काढायचा. समाधान वाटतं, मान्य. पण कापड घासलं की नेत्रश्लेष्मला चिडते, चिडली की आणखी श्लेष्म सोडते, मग आणखी दोरा. डॉक्टरांच्या पुस्तकात याला वेगळं नावच आहे, त्याचा अर्थ होतो 'श्लेष्माची मासेमारी'. हे सांगितल्यावर आत्या पहिल्यांदा हसली. पापणीच्या बाहेर आलेलं चिपड कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडानं पुसायचं, आत बोट नाही, पदर नाही. पिवळं-हिरवं चिपड, दुखणं, उजेड सहन न होणं किंवा अंधुक दिसणं यातलं काही असेल तर मात्र ती घरगुती गोष्ट नाही.

कृत्रिम आसवांचे थेंब घालताना एक हिशेब उपयोगी पडतो. डोळ्यात एरवी साधारण सात मायक्रोलिटर आसू असतं, आणि बाटलीतला एक थेंब तीस ते पन्नास मायक्रोलिटरचा. म्हणजे एका थेंबालाही जागा पुरत नाही. दोन-तीन घातले की जास्तीचे गालावर, आणि आहे तो श्लेष्मही सोबत धुऊन नेतात. एकच घालायचा, डोळा मिटून बसायचं, दुसरं औषध घालायचं असेल तर पाच मिनिटं थांबायचं.

आत्याला पुढं सायक्लोस्पोरिनचे थेंब सुरू केले. हे मूळचं मूत्रपिंड बसवलेल्या पेशंटचं औषध, सैनिक पेशींना आवर घालणारं. कोरड्या डोळ्यासाठी अमेरिकेत त्याला २००२ च्या डिसेंबरमध्ये परवानगी मिळाली. ते पाणी घालत नाही, दंगल थांबवतं, आणि दंगल थांबली की गॉब्लेट पेशी परत वाढलेल्या दिसतात. यायला वेळ लागतो, महिने. पहिले काही आठवडे डोळा चुरचुरतो म्हणून बरेच पेशंट सोडून देतात, आत्याही सोडणार होती. जपानमध्ये श्लेष्म सोडायला लावणारे थेंबही आहेत: २०१० पासून डायक्वाफोसॉल, २०१२ पासून रेबामिपाइड. यातलं रेबामिपाइड आधी पोटातल्या अल्सरचं औषध होतं, आणि जठरात तेच म्युसिन असतं हे आठवलं तर यात नवल वाटत नाही.

२०२१ मध्ये अमेरिकेनं आणखी एका औषधाला परवानगी दिली, नाकात मारायच्या फवाऱ्याला. नाकातली नस जागी करायची, तिच्यामार्फत अश्रुग्रंथी आणि गॉब्लेट पेशींना हुकूम जातो. औषधाचं नाव व्हॅरेनिक्लिन. ते २००६ पासून गोळीच्या रूपात वापरात आहे, तंबाखू-सिगरेट सोडवण्यासाठी. तंबाखूतलं निकोटिन मज्जातंतूच्या ज्या कुलपात बसतं त्याच कुलपाची ही दुसरी किल्ली.

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती सूप पुसत होती. विड्या कधीच बंद झाल्या, सूप तेवढं शेंगा निवडायला राहिलंय. तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली की ते औषध खरंच तंबाखू सोडवायचं आहे, आणि मग म्हणाली, "म्हंजे निपाणीच्या बाईला डोळ्याचं औषध बी तंबाकूच्या दुकानातनंच आणाय लागणार की गं."